दादाचं गवत

दंतवैद्याने बाईंच्या दाढेच्या मुळात सुई घातली आणि नेमका त्याच क्षणी त्याच्या खिशातला फोन थरथरला. कोपराने ॲप्रनचा खिसा फाकवून त्याने पाहिलं. दादाचा फोन होता.

महिन्याभरातला हा चौथा. पहिले तीन त्याने उचलले नव्हते. पहिल्या वेळी त्याचे हात खरोखरच रुग्णाच्या तोंडात होते, दुसऱ्या वेळी ते नुकतेच बाहेर आले होते, आणि तिसऱ्या वेळी तो खिडकीत उभा राहून नुसता चहा पीत होता. भावाभावांत चार वर्षं अबोला असला की फोन न उचलण्याचीसुद्धा सवय लागते, आणि ती मोडायला मन धजत नाही. पण आज का कोण जाणे, त्याने हातमोजा ओढून काढला आणि फोन कानाला लावला.

"बोल," तो म्हणाला. चार वर्षांनंतरचा पहिला शब्द त्याने मुद्दाम कोरडा ठेवला होता.

"भावजी, मी बोलतेय," पलीकडून वहिनींचा आवाज आला. "हे गेले. पहाटे कधीतरी. एक वाजता इथून न्यायचंय. तीनची वेळ मिळालीये."

खुर्चीतल्या बाई आ वासून त्याच्याकडे बघत होत्या. आ वासण्यावाचून त्यांना दुसरं काही करताही येत नव्हतं.

"येतो," तो म्हणाला. मग घड्याळ पाहिलं. साडेआठ झाले होते, आणि दादाचं शेत गाडीने नऊ तासांवर होतं. त्याने बाईंच्या दाढेत तात्पुरतं सिमेंट भरलं, "थोडंसं दुखेल" असं सवयीने सांगितलं, ॲप्रनवरच काळा कोट चढवला आणि थोरल्या बहिणीला फोन केला. एवढ्या वेळात पोचायचा एकच रस्ता होता आणि तो हवेतून जात होता. त्या रस्त्याच्या शेवटी गवत होतं, आणि याच गवतावरून दोघा भावांचं फाटलं होतं.

दादाने उभा जन्म शेतांवर औषध फवारणारी विमानं चालवण्यात घालवला. निवृत्त झाल्यावर त्याने स्वतःच्या शेतात सहाशे मीटर लांबीची गवताची धावपट्टी केली आणि पोटच्या पोरासारखी जपली. दर गुरुवारी स्वतः यंत्रावर बसून तो ते गवत कापायचा. रविवारी त्याचे जुने सोबती आपापली छोटी विमानं घेऊन तिथे उतरायचे, चहा प्यायचे, एकमेकांच्या उतरण्याला नावं ठेवायचे आणि परत जायचे. जे फक्त पक्क्या धावपट्टीवर उतरतात त्यांना दादा 'डांबरी' म्हणायचा. माणसाला याहून खालची पायरी असते असं त्याला वाटत नसे.

दंतवैद्य पंचेचाळिसाव्या वर्षी विमान शिकला तो केवळ दादासाठी. थोरल्या भावाने एकदा शाबास म्हणावं म्हणून माणूस काय काय उद्योग करतो! चार वर्षांपूर्वी एका रविवारी क्लबचं विमान भाड्याने घेऊन तो दादाच्या शेतावर आला. तीनदा खाली आला, तिन्ही वेळा हिंमत खचली, तिन्ही वेळा वर गेला, आणि शेवटी न उतरताच घरी परतला. खाली दादा तीस माणसांसह चहाचे कप घेऊन उभा होता. संध्याकाळी दादाचा फोन आला. "काय रे धाकट्या, गवत चावतं का?" मागून तीस माणसं हसली. त्या दिवसापासून दंतवैद्याने फोन उचलणं सोडलं.

आता त्याला एवढंच हवं होतं. दादाला नेण्याआधी त्याचा चेहरा एकदा बघायचा, आणि तोही त्याच्या गवतावर उतरून.

क्लबच्या मॅनेजरने अर्ज पुढे सरकवला. "कुठे जाताय, डॉक्टर?"

दंतवैद्याने दादाच्या शेतापलीकडच्या जिल्ह्याच्या गावाचं नाव लिहिलं. तिथे पक्की धावपट्टी होती. 'धावपट्टीचा प्रकार' या रकान्यात त्याने 'डांबरी' असं लिहिलं आणि कुणी ओळखीचं बघत नाही ना, याची खात्री करून घेतली.

"गवतावर उतरायचं नाही, माहितीये ना?" मॅनेजर म्हणाला. "भाड्याचं विमान गवतावर उतरवलंत तर विमा नाही, परवाना नाही, आणि मी तर तुम्हाला ओळखतच नाही. कारण काय लिहू?"

"भाऊ वारला."

"अरेरे! फार वाईट झालं." मॅनेजरने मान खाली घातली. मान खाली गेल्यावर त्याला जमिनीवरचा काटा दिसला, आणि मग शेजारी उभी असलेली ताई दिसली. "ताईंना जरा काट्यावर उभं राहायला सांगता का?"

ताई एका शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. तिच्या हातात ट्रकच्या चाकाएवढं फुलांचं चक्र होतं. "मी शोकात आहे," ती म्हणाली.

"शोकाचं वजन होत नाही, ताई. बाकीचं करावं लागतं. दोन माणसांचं विमान आहे."

ताई काट्यावर चढली आणि आकडा कुणी मोठ्याने वाचू नये म्हणून मॅनेजरकडे अशी बघत राहिली की त्याने तो मनातच वाचला. मग त्याने हळूच दंतवैद्याला बाजूला घेतलं. "फुलं तरी ठेवा, नाहीतर पेट्रोल तरी काढा."

"फुलं येणार," ताई काट्यावरूनच म्हणाली.

पेट्रोल काढलं. पोचून वर अर्धा-पाऊण तास उरेल एवढंच टाकीत ठेवलं.

विमान वर चढल्यावर दंतवैद्याला आठवलं की एक गोष्ट राहिली. गवतावर उतरायचं तर आधी मालकाला फोन करून "गवत कसं आहे?" असं विचारायचं, हा या विद्येतला पहिला धडा. दादाचं उत्तर ठरलेलं असायचं, "घोट्याएवढं आहे, या." पण आज विचारणार कुणाला? जिचा नवरा पहाटे गेला त्या बाईला "वहिनी, गवत किती वाढलंय?" असं विचारायचं? जनाची नाही तरी मनाची लाज असतेच की. त्याने विचारलं नाही. माणुसकी म्हणून विचारलं नाही, आणि पुढचं सगळं त्या माणुसकीमुळेच झालं.

"त्याचे फोन तू उचलायला हवे होतेस," ताई फुलांच्या चक्रामागून म्हणाली.

"ताई, आत्ता नको. मी विमान चालवतोय."

"मग कधी? खाली असलास की दाढा काढत असतोस."

"पाय काढ. तुझ्यासमोर पायडल आहेत ना, त्यांवर ब्रेक असतात."

"हवेत कसले ब्रेक?"

"हवेत नाहीत, उतरताना लागतात. म्हणून आत्तापासून काढ."

ताईने पाय पोटाशी घेतले आणि नाक पुसलं. "महिनाभर हॉस्पिटलात होता रे तो. गेल्या सोमवारीच घरी आणला. मी तुला सांगणार होते, पण तू म्हणायचास, त्याचा विषय काढू नको." दंतवैद्याने गरज नसताना नकाशा उघडला, आणि तो उलटा धरलाय हे त्याला बराच वेळ कळलं नाही. 

बाराच्या सुमाराला दादाचं शेत दिसलं. वरून ती पट्टी हिरवीगार, गुळगुळीत, एखाद्या नव्या सतरंजीसारखी दिसत होती. अवजारांच्या कोठीपाशी गाड्यांची रांग लागली होती. रविवारवाले सगळे आले होते, पण एकाचंही विमान दिसत नव्हतं. सगळे गाडीने आले होते. दंतवैद्याला हे जरा नवल वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. आज गवतावर उतरणारा तो एकटाच असणार होता.

पट्टीच्या कडेला काळ्या कपड्यांतली माणसं धावत आली आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवू लागली.

"बघ किती जीव लावला होता लोकांनी," ताईला भरून आलं. "आपल्याला हात करतायत."

दंतवैद्याने विमानाचे पंख डावीकडे उजवीकडे हलवून त्यांना मान दिला. खालच्या माणसांनी हात आणखी जोरात हलवले. एकाने तर कोट काढून फिरवला.

पहिल्या वेळी तो खाली आला आणि वर गेला. दुसऱ्या वेळीही तेच झालं. गवताच्या वीस फुटांवर आलं की त्याला दादाचं हसणं ऐकू यायचं आणि हात आपोआप विमान वर खेचायचा.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"काही नाही."

"मग उतर की. एक वाजता नेणार आहेत त्याला."

तिसऱ्या वेळी त्याने दात आवळले. दादा तिथे नव्हता, त्यामुळे हसणारही नव्हता, आणि या विचाराने त्याला धीर यायच्याऐवजी रडू आलं. डोळ्यांत पाणी असतानाच तो खाली आला. पुस्तकात लिहिलंय तसं त्याने नाक वर धरलं, वेग हळूहळू मरू दिला, आणि चाकं गवताला इतक्या अलगद लागली की लागली हे त्याला कळलंसुद्धा नाही. आयुष्यात तो इतकं सुंदर कधी उतरला नव्हता.

हे सुख अडीच सेकंद टिकलं. मग गवताने चाकं धरली. घोट्याएवढं म्हणून जे गवत त्याच्या डोक्यात होतं ते जमिनीवर कमरेएवढं होतं. विमान चाळीस पावलांत थांबलं. शेपूट वर गेलं, वरच राहून क्षणभर विचार केल्यासारखं थांबलं, आणि धाडकन परत खाली आलं. पंख्याने शेवटची एक मूठ गवत कापून हवेत उडवलं आणि तो बंद पडला.

फुलांच्या चक्रात ताईचं डोकं आरपार गेलं होतं. "उतरलो का?" तिने विचारलं.

सगळ्यांत आधी त्यांच्याकडे धावली ती शववाहिका. तिचा चालक बरीच वर्षं या व्यवसायात होता. शेपूट वर गेलेलं पाहताच त्याने आपली लांब, काळी, चकाकती गाडी सरळ गवतात घातली. दंतवैद्य छप्पर सरकवून बघतो तर ती त्याच्याच दिशेने येत होती, आणि आपण मेलो की काय अशी शंका त्याला क्षणभर चाटून गेली. मग गवतातून 'कडाड' असा आवाज आला आणि शववाहिका नाकावर आपटून थांबली. पाणी निघून जावं म्हणून दादाने पट्टीच्या कडेने खणलेला चर त्या गवतात कुणाला दिसला नव्हता.

चालक उतरला, पुढचं चाक बघितलं आणि टोपी काढली. "गेली," तो म्हणाला. ही टोपी तो सहसा दुसऱ्यांच्या माणसांसाठी काढत असे.

रविवारवाले धापा टाकत पोचले. सर्वांत पुढे कॅप्टन होता. दादाचा जुना सोबती, बहात्तर वर्षांचा, पूर्ण टक्कल, आवाज मात्र इंजिनासारखा. "अरे डांबरी! तुला काय वाटलं, आम्ही कवायत करत होतो?"

"मला वाटलं, श्रद्धांजली..."

"'उतरू नको' म्हणून हात तोडून घेतले आम्ही! महिनाभर गवताला कुणी हात लावलेला नाही. आम्ही सगळे गाडीने का आलो असू?"

"गवत कापायचं यंत्र चालू होत नाही ना," दुसरा एक म्हणाला. "त्याला हात लावू द्यायचा का तो कुणाला? सकाळपासून दोरी ओढतोय. फरफरतं आणि बंद पडतं."

तेवढ्यात वहिनी आल्या. त्यांनी दंतवैद्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, हाडं शाबूत आहेत याची खात्री केली आणि ताईच्या गळ्यातलं चक्र काढून बाजूला ठेवलं. "वन्सं, लागलं नाही ना?" मग त्या दंतवैद्याकडे वळल्या. "तुम्हाला तीनदा फोन केला त्यांनी, भावजी. गवत वाढलंय, मी बरा होईपर्यंत इकडे उतरायला येऊ नको, एवढंच सांगायचं होतं. मी म्हटलं, ते कशाला येतायत? तर म्हणाले, तो येईल. एक ना एक दिवस येईलच."

दंतवैद्याला कुणीतरी भूल न देता दाढ उपटावी तसं झालं. तिन्ही वेळा त्याला वाटलं होतं की दादा पुन्हा चिडवणार.

घरात, मागच्या खोलीच्या खिडकीपाशी, आरामखुर्चीत दादा बसला होता. रात्री झोप येईना म्हणून तो तिथे येऊन बसला आणि बसल्या बसल्याच गेला. वहिनींना सकाळी उठल्यावर कळलं. तोवर शरीर तसंच आखडलं होतं. पाय दुमडलेले, हात मांडीवर, मान किंचित तिरकी, जणू कुणाच्या तरी उतरण्याला नाव ठेवायला तो तोंड उघडणार होता.

"पेटीत मावत नाहीत," शववाहिकेचा चालक दाराशी उभा राहून अदबीने म्हणाला. "सकाळपासून प्रयत्न केला. आडवं केलं की झाकण लागत नाही. मी म्हटलं, गाडीत मागे असंच कुशीवर ठेवू, वरून चादर घालू. आता गाडीच नाही."

दंतवैद्य खुर्चीसमोर जमिनीवर बसला. त्याला खूप काही बोलायचं होतं, पण खोलीत आठ माणसं होती आणि त्यांतली सात पेचाचा विचार करत होती. एकाने म्हटलं दुसरी शववाहिका बोलवा. ती जिल्ह्याच्या गावाहून निघून तळ्याला वळसा घालून यायला दोन तास, जायला दोन तास. तीनची वेळ हुकणार. आणि विद्युतदाहिनी चार वाजल्यापासून तीन दिवस दुरुस्तीसाठी बंद राहणार होती.

"आधी गाडी काढून बघू," चालक म्हणाला. "माझी जबाबदारी आहे." मग पाऊण तास अकरा माणसांनी काळ्या कोटांत ती गाडी ढकलली. कॅप्टनने 'हं, जोर लावा' म्हणायचं काम घेतलं. गाडी बाहेर आली, पण तिचं पुढचं चाक चरातच राहिलं. घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

"माझ्या गाडीत मागच्या सीटवर बसवू त्यांना," एक जण म्हणाला.

"तुझी गाडी दोन दारांची. चार दारांची असती तरी आखडलेला माणूस आत घालणार कसा? आणि रस्ता खोदून ठेवलाय, आता निघून तीनच्या आत पोचत नाही."

 ताई तोंडाला रुमाल लावून रडत होती. दंतवैद्याच्या मनात स्पष्ट आलं की हे सगळं आपल्यामुळे झालं. चार वर्षं आलो नाही तेच बरं होतं; आलो आणि भावाला शेवटच्या रस्त्यालासुद्धा लागू दिलं नाही.

"विमानानं किती वेळ लागतो?" वहिनींनी विचारलं.

कुणालाच कळेना त्या कशाबद्दल बोलतायत.

"जिल्ह्याच्या धावपट्टीवर. हे म्हणायचे, तळ्यावरून सरळ गेलं की बारा मिनिटं. दाहिनी तर तिथल्या कुंपणाला लागूनच आहे. विमानाचं दार केवढं असतं मला माहीत नाही, पण बसायचंच असतं ना त्यात? हे बसलेलेच आहेत."

चालकाने घसा खाकरला. "हे नियमात नाही, बाई."

"तीन दिवस मी त्यांना असं बसवून ठेवणार नाही," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज सकाळपासून पहिल्यांदाच फाटला, आणि नियमांचा विषय तिथेच संपला.

रविवारवाल्यांमध्ये जीव आला. दुःखात माणसाला आकडेमोड मिळाली की बरं वाटतं. "वजन किती?" "आजारपणात पन्नासवर आला होता." "ताईपेक्षा..." एकाने सुरुवात केली आणि ताईकडे बघून थांबला. "म्हणजे पुरेल, भरपूर पुरेल." दोघांनी विमानाखाली सरपटत जाऊन चाकं, पंखा सगळं तपासलं. गवताचे हिरवे डाग सोडता काही झालेलं नव्हतं. दार म्हणजे वरचं छप्परच, आणि ते पुढे सरकणारं. वरून बसवता येत होतं.

"मी नेतो त्याला," कॅप्टन म्हणाला. "तू बाजूला हो, डांबरी. तीस वर्षं आम्ही बरोबर उडलो."

"तुझा परवाना डोळ्यांपायी मागच्याच वर्षी गेला," मागून कुणीतरी म्हणालं. मग दुसऱ्याचा हृदयापायी गेल्याचं निघालं, तिसऱ्याचा साखरेपायी. आपण रविवारी नक्की कुणाच्या भरवशावर उडत होतो असा प्रश्न प्रत्येकाच्या चेहऱ्यावर उमटला.

"धाकटे भावजी नेतील," वहिनी म्हणाल्या. "आम्ही मागून गाड्यांनी येतो. पोचायला साडेचार होतील. तोवर तुम्ही असाल ना त्यांच्याजवळ?"

"असेन," दंतवैद्य म्हणाला.

राहता राहिलं गवत. कमरेएवढ्या गवतातून विमान उठत नाही. दंतवैद्य कोठीत गेला आणि यंत्रापाशी उकिडवा बसला. दोरी ओढून पाहिली. फरफरलं आणि बंद पडलं. त्याने पेट्रोल जाण्याची बारीक नळी सोडवून उजेडात धरली. आत महिन्याभराचा गाळ घट्ट बसला होता. खालच्या टोकाचं भोक दाढेच्या मुळाएवढं. कोटाखाली ॲप्रन तसाच होता आणि ॲप्रनच्या खिशात सकाळची सुई.

"बॅटरी दाखवा," तो म्हणाला. "अजून जवळ. हलवू नका."  हे काम त्याला येत होतं. सुई फिरवत फिरवत त्याने गाळ काढला, फुंकर मारली, पुन्हा सुई घातली. "थोडंसं दुखेल," त्याच्या तोंडून सवयीने गेलं. बॅटरी धरलेल्या कॅप्टनने यंत्राला धीर दिल्यासारखा त्यावर हात ठेवला.

तिसऱ्या ओढीला यंत्र भडकलं. दंतवैद्य त्यावर चढला आणि काळ्या कोटात, एका भावाच्या शोकात, त्याने चारशे मीटर गवत कापलं. एक पट्टा जाताना, एक येताना, असे पाच. मागे रविवारवाले हातांनी कापलेलं गवत बाजूला सारत होते. ताईसुद्धा वाकली. वाकून वाकून तिचे केस सुटले, पण आज तिने ते सावरले नाहीत. अडीच वाजायला पाच मिनिटं कमी असताना सगळे थांबले.

सहा जणांनी दादाला खुर्चीतून उचलून आणलं आणि वरून सीटवर ठेवलं. तो तिथे इतका नीट बसला की चालकाने नकळत "वा!" म्हटलं आणि जीभ चावली. वहिनींनी पट्टा बांधला, कॉलर सरळ केली, आणि बाजूला होऊन तोंड फिरवलं.

दंतवैद्य गवतावरून पहिल्यांदाच उडत होता. पण आता घाबरायला सवड नव्हती. विमान डुगडुगत धावलं, नाक वर आलं, आणि कापलेला पट्टा संपायच्या बरंच आधी जमीन सुटली. खाली माणसांनी हात डोक्यावर नेले. या खेपेला त्यांना काय म्हणायचंय ते त्याला बरोबर कळलं.

बारा मिनिटं त्याच्याजवळ होती. पहिली चार तळं पार करण्यात गेली. मग त्याने शेजारी पाहिलं. मान किंचित तिरकी, तोंड बोलण्याच्या बेतात.

"दादा, मला वाटलं तू चिडवायला फोन करतोयस," तो म्हणाला. इंजिनाच्या आवाजात त्याला स्वतःचंच नीट ऐकू येईना, म्हणून तो मोठ्याने बोलू लागला. "चुकलं माझं. तिसऱ्या वेळी तर मी नुसता चहा पीत होतो. एका हाताचं काम होतं रे. तू आजारी आहेस हे कुणी सांगायला लागलं तर मी विषय बदलायचो. चार वर्षं नुसता रुसून बसलो होतो, वय वर्षं बावन्न." त्याने बाहीने डोळे पुसले. "आणि आज उतरलो होतो मी. चांगला उतरलो होतो. थांबलो वाईट, पण उतरलो चांगला. तू खिडकीतच होतास, तोंडही पट्टीकडेच होतं तुझं. तुला माझी शपथ, दिसलं असेल तर काहीतरी बोल."

दादा काही बोलला नाही. धाकट्याच्या विमान चालवण्याबद्दल त्याने काहीच न बोलण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि दंतवैद्याला ती शांतता सहन होईना. तू हस तरी, असं त्याला ओरडावंसं वाटलं.

जिल्ह्याची धावपट्टी दिसली. लांब, रुंद, काळीभोर. त्याने रेडिओवर आपलं येणं कळवलं. नियंत्रण कक्षात एकच माणूस असे, आणि दिवसाकाठी एखादंच विमान येत असल्याने तो प्रत्येकाची फार आस्थेने चौकशी करी.

"या, या, डॉक्टर. वारा समोरून आहे. आत किती जण?"

दंतवैद्याने शेजारच्या सीटकडे पाहिलं. "दोघं," तो म्हणाला.

"बरं. दुर्बिणीतून बघतोय मी, शेजारचे गृहस्थ वयस्कर दिसतायत. मान टाकलीये त्यांनी, प्रवासात लागलं वाटतं. उतरायला मदत लागेल का त्यांना? चाकांची खुर्ची पाठवू?"

दंतवैद्याने एक हात सुकाणूवरून काढला आणि दादाच्या मांडीवरच्या थंडगार हातावर ठेवला.

"खुर्ची नको," तो म्हणाला. "चौघं पाठवा."